माझा सूर्य, तिचे आरसे

ती येईपर्यंत आमच्या कॉलेजात सौरभट्टीचं सिम्युलेशन करणारी मी एकटीच होते. मला ते काम आवडायचं, आणि ते माझं एकटीचं आहे हे त्याहून जास्त आवडायचं.

सौरभट्टी म्हणजे नुसत्या आरशांची भट्टी. वर्कशॉपच्या गच्चीवर एका टोकाला एक मोठा सपाट आरसा, तो दिवसभर सूर्याच्या मागे फिरतो आणि ऊन समोरच्या टोकाकडे फेकतो. त्या टोकाला भिंतीवर लोखंडी सांगाडा, आणि सांगाड्यावर लहान लहान आरसे असे तिरपे बसवलेले, की सगळे मिळून एक खोलगट थाळी व्हावी. थाळी आलेलं सगळं ऊन एका लिंबाएवढ्या जागेत गोळा करते. तिथे लोखंडाचा तुकडा धरला तर तो वितळला पाहिजे. कोळसा नाही, गॅस नाही, धूर नाही. आमच्या विभागाला अशी एक लहानशी भट्टी उभी करायची होती, विद्यार्थ्यांना शिकवायला आणि धातूंवर प्रयोग करायला.

पण आरसे चिकटवण्याआधी ते कुठे आणि किती तिरपे बसवायचे ते कळायला हवं. ते माझं काम. मी कॉम्प्युटरमध्ये सूर्य ठेवायची, त्यातून लाखो किरण सोडायची, आणि एकेक किरण कुठल्या आरशावर पडला, तिथून कुठे उडाला, शेवटी त्या लिंबाएवढ्या जागेत पोचला की बाहेर सांडला, याचा हिशेब प्रोग्रामकडून करून घ्यायची. सकाळी प्रोग्राम लावायचा, क्लास घ्यायचे, आणि संध्याकाळी येऊन पाहायचं. पडद्यावर एक ठिपका उमटलेला असायचा. मध्ये पांढरा, भोवती पिवळा, मग लाल, मग काळं. विभागात दुसऱ्या कुणाला त्यातलं काही कळत नव्हतं. विभागप्रमुख दारातून डोकावून विचारायचे, "मैडम, आपका सूरज कैसा है?" मी म्हणायची, "अच्छा है सर." माझं त्यातच पोट भरायचं.

मग पुण्याहून ती आली. प्रोजेक्टवर दोन वर्षांसाठी. माझ्याहून चांगली लहान, केस आखूड, पाठीवर पिशवी. आल्या दिवशीच माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "ताई, बघू का तुमचा प्रोग्राम?"

"हाँ हाँ, देखिए ना," मी म्हणाले.

तिने पाहिलं. मग माझ्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली, "किरण कमी पडतायत हो. म्हणून उन्हाचा नकाशा असा रवाळ दिसतोय."

रवाळ. तूप रवाळ असतं, लाडू रवाळ असतो. माझ्या ठिपक्याला तो शब्द तिने लावला आणि तिला कळलंही नाही की तो मला कुठे लागला. पुढच्या आठवड्यात तिने तो प्रोग्राम नव्याने लिहून काढला. माझ्या प्रोग्रामला जे करायला दिवस लागायचा, ते आता कॅन्टीनमधून आणलेला चहा निवायच्या आत व्हायला लागलं. ठिपका गुळगुळीत, कडा रेखीव. विभागप्रमुखांनी तो पाहिला आणि म्हणाले, "ये हुई ना बात!" ही बात इतकी वर्षं झाली नव्हती, असा त्याचा अर्थ. निदान मी तरी तसाच घेतला.

त्या दिवशी घरी येऊन मी बाबांपुढे तक्रार केली. आमचं घर रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात, खाली आम्ही दोघं, वर एक खोली भाड्याची. आई जाऊन बरीच वर्षं झाली, मी लग्न केलं नाही, आणि बाबा रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर होऊन घरी. मी हिंदीत सांगत होते की पुण्याहून एक बाई आली आहे, तिला रायपूरचं ऊन सहन होत नाही, हॉटेलचं जेवण सहन होत नाही, खोली शोधते आहे, मिळत नाही, आणि वरून माझं काम सुधारते.

बाबांनी त्यातलं एकच ऐकलं.

"पुण्याची? म्हंजे मराठी?"

"हाँ, तो?"

"मंग आपली वरची खोली रिकामीच हाये ना. तिले काहून नाही सांगितलं?"

मी काहीतरी कारणं सांगितली. पाण्याचा प्रॉब्लेम, जिन्याचा प्रॉब्लेम. बाबा म्हणाले, "पाण्याचा प्रॉब्लेम आपल्याले होते का?" त्या रविवारी ती सामान घेऊन आली.

आमच्या घरातलं एक सांगितलं पाहिजे. बाबा माझ्याशी मराठीत बोलतात आणि मी त्यांना हिंदीत उत्तर देते. देत होते. भांडण म्हणून नाही, तसंच चालत आलं होतं. रायपूरच्या बहुतेक मराठी घरांत हेच आहे. बाबांची मासिकं मी लहानपणापासून वाचत आले, मराठी वाचायला मला कधीच अडलं नाही, पण तोंड उघडलं की हिंदी बाहेर यायची. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, भाजीवाली छत्तीसगढी. आई होती तेव्हा ती आणि बाबा आपसात बोलायचे. ती गेल्यावर बाबा मराठी बोलायचे, पण मराठी ऐकायचे मात्र इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, वर्षातून तेवढेच दिवस.

आता ती रोज संध्याकाळी वरून खाली उतरायला लागली. "काका, चहा झाला का?" म्हणत ओट्यावर बसायची. बाबांची आणि तिची मराठी सारखी नव्हती. बाबा म्हणायचे "मले", "तुले", "जाऊन राहिलो". ती थांबवून विचारायची, "काका, काहून म्हणजे का ना?" बाबा हसायचे. बाबा इतकं हसतात हे मी विसरून गेले होते. मी आत भाजी चिरत असायची आणि विळीवर माझा हात जरा जास्तच जोरात चालायचा.

एका संध्याकाळी मी स्कूटर लावून जिन्याखाली चप्पल काढत होते आणि बाबा तिला काहीतरी सांगत होते. मी थांबले. ते आईबद्दल सांगत होते. नवीन लग्न झालेलं, दोघं बूढ़ा तालाबावर नावेत बसायला गेले. उतरताना आईची एक चप्पल पाण्यात गेली. आईने दुसरीही काढून पाण्यात टाकली. बाबा म्हणाले, अगं ती काहून टाकली? आई म्हणाली, ज्याला एक सापडेल त्याला दुसरी तर लागेल ना. मग ती अनवाणी गोल बाज़ारपर्यंत चालत गेली, नवी साडी, हिरवा चुडा आणि पायात काही नाही, आणि बाबा लाजून चार पावलं पुढे.

पुण्याची खळखळून हसली. मी जिन्याखाली उभी. माझ्या आईची गोष्ट, आणि मी ती कधी ऐकली नव्हती.

ती वर गेल्यावर मी बाबांना विचारलं, "ये चप्पल वाली बात मुझे क्यों नहीं बताई कभी?"

बाबा रागावले नाहीत. खरंच विचार करत होते. मग म्हणाले, "तुह्यासोबत बोलताना मले ते आठवतच नाही. तू हिंदीत बोलते, मंग मीबी हिंदीतच इचार करतो. ते सारं मराठीत झालं होतं."

मी पोळ्या लाटायला गेले. पण त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते ऑफिसात वेगळं आणि घरी वेगळं असं राहिलं नाही. तिने माझा ठिपका घेतला होता आणि माझे बाबाही.

हिवाळ्यात आरसे चिकटवले गेले. तिच्या सिम्युलेशनवरून. तिथे तिच्या बाजूने बोलायला हवं: नकाशे सगळ्यांना दाखवताना ती "आमचं सिम्युलेशन" म्हणायची. पण तिच्या तोंडचं ते "आमचं" मला उपकारासारखं वाटायचं. एप्रिलच्या शेवटी पहिली चाचणी ठेवली. कॉलेजचे बरेच लोक गच्चीवर आले. वेल्डिंगचे काळे चष्मे एकमेकांत फिरत होते. सपाट आरशावरचं कापड ओढलं, थाळी एकदम पेटल्यासारखी झाली, आणि फोकसवर धरलेला लोखंडाचा तुकडा लाल झाला. लालच राहिला. सगळे वाट पाहत होते. वितळेना. कुणीतरी म्हणालं, "रोटी सेंक लो भैया." लोक हसले.

नंतर लोखंड काढून तिथे पांढरी पत्र्याची पाटी धरली आणि ठिपक्याचा फोटो घेतला. सिम्युलेशनमध्ये लिंबाएवढा, रेखीव. खरा मात्र पसरलेला, उभा, लांबट, काकडीसारखा. सगळं ऊन त्या लांबीत वाटलं गेलं होतं.

तिचा चेहरा उतरला. आणि मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की घरी येताना मी जयस्तंभाजवळ थांबून कुल्फी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी आम्हा दोघींना बोलावलं. काय चुकलं? मी आधीच तयार होते. मी सांगितलं, चूक सूर्यात आहे. पुस्तकातला सूर्य स्वच्छ आकाशातला असतो, कडा ठळक असलेली तबकडी. रायपूरच्या एप्रिलमध्ये धूळ असते, शहराबाहेरच्या कारखान्यांचा धूर असतो. सूर्याभोवती पांढुरकं तेज पसरलेलं दिसतं. ते तेजही आरशांवर पडतं आणि फोकसवर पसरतं. पुण्यामुंबईच्या मॅडमना इथलं आकाश काय माहीत, हे मी बोलले नाही, पण माझ्या आवाजात ते होतं.

ती शांतपणे म्हणाली, "ताईंचं म्हणणं बरोबर असू शकतं. पण धुळीने ठिपका सगळीकडून पसरेल, गोलच राहील. हा उभा पसरलाय. मला वाटतं आरसे हलले आहेत."

"आरसे चिपके हुए हैं. हिलेंगे कैसे?" मी म्हणाले.

"आरसे नाही हलणार. सांगाडा हलेल."

विभागप्रमुखांना भांडण नको होतं. ते म्हणाले, दोघी मिळून शोधा. मिळून!

मी आठवडाभर माझ्या सूर्याला तेज लावत बसले. प्रोग्राममध्ये सूर्याभोवती धुळीचं वलय घातलं, ते वाढवत नेलं. ठिपका मोठा झाला, मऊ झाला, फिका झाला, पण गोलच राहिला. मी वलय इतकं वाढवलं की असं आकाश असतं तर रायपूरच्या लोकांना सूर्य दिसलाच नसता. ठिपका गोल तो गोलच. काकडी काही होईना. तरी मी तिला ते सांगायला गेले नाही. मी म्हणत राहिले, अजून पाहते आहे.

तिचा बेत साधा होता. थाळीतले सगळे आरसे झाकायचे, एकच उघडा ठेवायचा, आणि त्या एकट्याचा ठिपका पाटीवर कुठे पडतो ते खूण करून ठेवायचं. मग तो झाकून पुढचा. असं सगळ्या आरशांचं, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. झाकायला गोल बाज़ारमधून काळं मांजरपाट आणलं. ते आणायला आम्ही दोघी माझ्या स्कूटरवर गेलो होतो. दुकानदाराने विचारलं, "इतना काला कपड़ा? किसके लिए दीदी?" ती म्हणाली, "सूरज के लिए." तिची हिंदी ऐकून दुकानदार हसला आणि मीही हसले, आणि लगेच मला माझाच राग आला.

मे महिन्यातली गच्ची म्हणजे काय ते रायपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. डोक्याला ओला दुपट्टा, हातात मोजे, नाहीतर सांगाड्याला हात लागला की फोड. मी शिडीवर चढून कापडं सरकवायची, ती पाटीवर पेन्सिलने खुणा करायची. ती मधे मधे पुण्याच्या गप्पा सांगायची, मी "हूँ" म्हणायची. पहिल्या दिवशीच्या सकाळच्या खुणा झाल्या. बहुतेक ठिपके मधल्या वर्तुळात. मी म्हणाले, "देखिए, सब अपनी जगह पर हैं." ती म्हणाली, "दुपारपर्यंत थांबू या."

दुपार तिला काही बघायला मिळाली नाही. साडेअकराच्या सुमाराला ती पाटीजवळ उभी राहिली आणि तशीच खाली बसली. ओठ पांढरे, अंग भाजत होतं, घाम नाही. लू लागली होती, म्हणजे उष्माघात. तिला खाली आणलं, कॉलेजच्या गाडीतून डॉक्टरकडे नेलं, सलाइन लागलं, आणि दोन दिवसांनी डॉक्टरांनी घरी सोडलं. वरच्या खोलीचा पत्रा तापतो म्हणून बाबांनी तिला खाली माझ्या खोलीत झोपवलं, कूलरसमोर. माझ्या पलंगावर.

बाबांनी तिचं जे केलं ते मी पाहत होते. कैरी उकडून पन्हं. कपाळावर ओल्या पट्ट्या. सकाळी बोरे-बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, दही, कांदा, जे बाबा शेजारच्या छत्तीसगढी काकूंकडून खायला शिकले होते. "खाय पोरी, हे पोटात गेलं की लू पळते," म्हणत एकेक चमचा. माझ्या लहानपणच्या कांजिण्यांत बाबा माझ्याजवळ असेच बसले होते, हे मला पक्कं आठवतं. पण ते आठवूनही काही उपयोग होत नव्हता. आजारी माणसाचा हेवा करणारी मीच पहिली असेन. ती झोपेत "आई" म्हणाली, तेव्हा बाबांचे डोळे भरले. तेव्हा मी उठून कॉलेजला निघून गेले.

दुपार होती. गच्चीवर कुणी नव्हतं. मी वर्कशॉपमधल्या एकाला शिडी धरायला बोलावलं आणि राहिलेल्या खुणा करायला घेतल्या. मला सिद्ध करायचं होतं की ठिपके दुपारीही जागेवरच असतात, सांगाड्याची गोष्ट खोटी आहे, आणि ती उगाच स्वतःचा जीव धोक्यात घालून बसली.

पहिला आरसा सगळ्यात वरच्या रांगेतला. कापड सरकवलं, खाली उतरून पाटी पाहिली. सकाळच्या खुणेच्या बराच वर. मला वाटलं सपाट आरसा नीट लागला नाही. तो पुन्हा लावला. तरी वरच. शेजारचा उघडला, तोही वर. मधल्या रांगेतले जागेवर. खालच्या रांगेतले, एकेक करून, खाली. मी मुद्दाम सगळे केले, एकही सोडला नाही. वरचे वर, खालचे खाली. सांगाडा भिंतीत दोन्ही टोकांना पक्का बसवला होता. ऊन लागून लोखंड वाढत होतं, वाढायला जागा नव्हती, म्हणून तो मधून धनुष्यासारखा फुगत होता. आरसे थंडीत, जानेवारीत, लावले होते. तेव्हा तो सरळ होता.

मी खाली विभागात आले आणि त्या सगळ्या खुणा तिच्या प्रोग्राममध्ये भरल्या. प्रत्येक आरसा जितका तिरपा झाला होता तितका. मग प्रोग्राम चालवला. पडद्यावर काकडी उमटली. उभी, लांबट, मधे किंचित बारीक. मी एप्रिलचा फोटो शेजारी ठेवला. दोन्ही सारखे. मी एकटीच बसून ते पाहत होते. इतकं सुंदर जुळलेलं मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं, आणि ते तिचं होतं. ते माझ्या हाताने खरं ठरलं होतं, एवढंच काय ते माझं.

घरी आले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती, बाबा मोसंबी सोलत होते. सांगावं तर लागणार होतं. मी दारातच उभी राहून म्हणाले, "तुझं बरोबर होतं. दुपारी सांगाडा वाकून राहिली."

दोघंही माझ्याकडे पाहायला लागले. मग मला कळलं की मी मराठीत बोलले. तिला ते मराठीत सांगायचं असं मी ठरवलं नव्हतं. बहुधा हरतानाही मला बाबांसमोर तिच्याच मैदानावर हरायचं होतं.

बाबांनी मोसंबीची फोड हातात तशीच धरली आणि म्हणाले, "राहिला."

"क्या?"

"सांगाडा वाकून राहिला. राहिली नाही. सांगाडा तो असते."

ती हसायला लागली, मग खोकला आला, मग पाणी. मी इतकी चिडले होते की मलाही हसू आलं. तिच्या चुका बाबा कधी काढत नसत. तिच्या चुका नव्हत्याच.

तिने सगळं विचारून घेतलं, कुठली रांग किती सरकली. मी सांगत गेले, अडखळत, मराठीतच. मधे शब्द अडला की ती थांबायची, पुरवायची नाही. ते मला आवडलं. तिने पुरवला असता तर मी हिंदीवर आले असते.

पावसाळ्यात सांगाड्याचं वरचं टोक सुटं केलं, म्हणजे लोखंडाला सरकायला जागा मिळाली. आरसे पुन्हा लावले. ऑक्टोबरात आकाश धुतल्यासारखं निळं झालं तेव्हा पुन्हा चाचणी घेतली. तुकडा लाल झाला, पिवळा झाला, पांढरा झाला, आणि त्याच्या खालच्या टोकाला एक थेंब लोंबायला लागला. थेंब पडला. टाळ्या झाल्या. बाहेरून पाहुणे आले होते. विभागप्रमुखांनी त्यांना आधी तिची ओळख करून दिली, तिने काय शोधलं ते सांगितलं, मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "और मैडम ने भी बहुत साथ दिया." ती लगेच म्हणाली, "नहीं सर, सारी दुपार की माप ताई ने अकेले ली." तिची ती हिंदी, ते "सारी दुपार की माप". तिने ते सांगायला हवंच होतं, आणि तिने सांगितलं म्हणून मला आणखी लागलं. साथ दिया हे माझं मी पचवलं असतं.

दोन वर्षं संपली आणि ती दुसऱ्या शहरात चांगल्या नोकरीवर गेली. बाबांनी स्टेशनवर तिला डबा दिला. गाडी हलल्यावर त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला आणि परत लावायचं विसरले.

मला वाटलं होतं, आता बाबा माझे. मी मराठीत बोलायला लागले होते, "राहिला-राहिली"च्या चुका करत का होईना. एक दिवस मी ओट्यावर बसून म्हणाले, "बाबा, आईच्या जुन्या गोष्टी सांगा ना." बाबांनी डोकं खाजवलं.

"आता काय सांगू? होत्या नव्हत्या त्या तिलेच सांगून टाकल्या."

"मला पण सांगा त्याच."

त्यांनी एक सांगायला घेतली, पण मधेच थांबले. "ते तुले तीच सांगेल फोनवर. तिले बरोबर आठवते." आणि खरंच दर रविवारी तिचा फोन यायचा, बाबा स्पीकर लावायचे आणि म्हणायचे, "हिले ते सांग बरं, तुह्या काकूच्या लाडवाचं." काकू म्हणजे माझी आई. माझ्या आईच्या लाडवांची गोष्ट मी एका पुण्याच्या बाईच्या तोंडून ऐकत होते, आणि ती ते बाबांच्या आवाजात, फक्त त्यांचं "मले-तुले" वगळून सांगायची. चांगली सांगायची. तेच तर दुखायचं. मी ऐकायची, हसायची, आणि फोन ठेवल्यावर भांडी जास्त आवाज करत घासायची.

या वर्षी बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ऑपरेशनच्या आधी डोळ्यात औषध घालून त्यांना बाहेर बाकावर बसवलं होतं. औषधाने सगळं धूसर दिसत होतं, म्हणून त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. बराच वेळ बसून कंटाळल्यावर ते अचानक म्हणाले, "तू तिच्यावर लय जळायची ना?"

"कुणावर?"

"कोनावर म्हणते पोट्टी. मले काय दिसत नव्हतं? तवा तर डोळे चांगले होते."

समोरून नर्स गेली.

बाबा म्हणाले, "मीबी असाच होतो." आणि सांगायला लागले. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मंडळाच्या गणपतीत ऑफिसातला एक जण गायचा. आई घरी येऊन त्याच्या आवाजाचं कौतुक करायची. रोज. बाबांना गाता येत नव्हतं. म्हणून त्यांनी कुणाची तरी पेटी मागून आणली आणि वर्षभर ऑफिस सुटल्यावर स्टेशनजवळच्या एका मित्राच्या खोलीवर जाऊन गाणं शिकले. आईला सांगायचे, ओव्हरटाइम आहे. पुढच्या गणपतीत त्यांनी नाव दिलं. स्टेजवर बसले, आणि पहिलाच सूर असा लागला की समोरच्या रांगेतलं एक लहान मूल रडायला लागलं. लोक हसले. आई मात्र हसली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "एवढा ओव्हरटाइम करून हे?"

मी इतकी हसले की बाकावरची इतर माणसं पाहायला लागली. बाबाही हसत होते, पाणावलेल्या, औषधाने मोठ्या झालेल्या डोळ्यांनी, माझ्याकडे न बघता, कारण त्यांना मी नीट दिसतच नव्हते.

मग मी विचारलंच. राहवलं नाही. "हे तिला सांगितलं होतं?"

"छे!" बाबा म्हणाले. "असं काही कोनी पाहुण्याले सांगते का?"

आतून त्यांचं नाव पुकारलं. मी त्यांना उठवलं, पायरी आहे म्हणून सांगितलं, आणि दारापर्यंत हात धरून नेलं.